एकदा लिहावे, अनेकदा वापरावे : संगणकाच्या आज्ञावलीतील ‘फंक्शन’ची ओळख

माहूर हा नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेकडील, पैनगंगेच्या काठचा डोंगराळ तालुका. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक म्हणून रेणुकामातेचे हे स्थान महाराष्ट्रभर परिचित आहे. देवीला येथे तांबुलाचा नैवेद्य दाखविण्याची परंपरा आहे. नागवेलीची पाने, सुपारी, कात आणि सुगंधी मसाले खलबत्त्यात घालून ते एकजीव होईपर्यंत कुटावयाचे, अशी ही कृती. परंतु भाविक दुकानदाराला ही सारी कृती समजावून सांगत बसत नाही. ‘तांबूल करून द्या’ एवढेच तो म्हणतो. त्या एका शब्दात काय घ्यावयाचे, कोणत्या क्रमाने घालावयाचे आणि शेवटी हाती काय द्यावयाचे हे सर्व सामावलेले असते. पाने दहा असोत की शंभर, कृती तीच राहते. बदलते ते फक्त प्रमाण.

अनेक क्रियांच्या मालिकेला एक नाव द्यावे आणि पुढे त्या नावानेच काम सांगावे, या व्यवहारातील रीतीवर संगणकाच्या आज्ञावलीतील एक मूलभूत कल्पना उभी आहे. तिला ‘फंक्शन’ म्हणतात. गणितात यासाठी ‘फलन’ हा शब्द आहे. संगणकाच्या व्यवहारात मात्र फंक्शन हाच शब्द रूढ झाला आहे.

ही कल्पना केवळ संगणकतज्ज्ञांनी समजून घ्यावी अशी स्थिती आता राहिलेली नाही. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाईलवरून करू लागला. सातबारा उतारा, कराची मागणी, विविध दाखले अशी अनेक कामे आज संगणकाद्वारे होतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक शिक्षणापूर्वीच्या, म्हणजे सहावी ते आठवीच्या टप्प्यात आज्ञावली-लेखनाची ओळख करून देण्याचे सुचविले आहे. अशा वेळी पडद्यावर उमटणारा आकडा कोठून आला, हे अधिकाऱ्याला, शिक्षकाला आणि पंचायत सदस्याला स्थूलमानाने तरी सांगता आले पाहिजे.

त्रैराशिक : आपल्या परिचयाचे फलन

फंक्शनमागची कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ ग्रंथ रचला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा १२०७ चा शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. ‘लीलावती’त त्रैराशिकाची रीत दिलेली आहे. प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशी दिल्या असता फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागावे, म्हणजे इच्छाफल मिळते. पाच किलो तुरीला अमुक रुपये, तर आठ किलोला किती, हा शाळेतील प्रश्न याच रीतीने सुटतो.

या रीतीची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. तिला ‘त्रैराशिक’ असे नाव आहे. तिच्यात घालावयाच्या राशी तीन आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. प्रमाण आणि इच्छा या राशी एकाच जातीच्या असाव्यात, फल दुसऱ्या जातीचे असावे, असा दंडकही आहे. आत एक ठरावीक कृती घडते आणि बाहेर एकच उत्तर येते. नाव, आत जाणाऱ्या राशी, आतील कृती आणि बाहेर येणारे फल ही फंक्शनचीही चार अंगे होत. तूर असो, कापड असो की मजुरी असो, रीत एकदा शिकली की प्रत्येक वस्तूसाठी ती नव्याने शिकावी लागत नाही.

एकर-गुंठ्यांचा हिशेब

आता प्रत्यक्ष आज्ञावलीकडे वळू. मराठवाड्यातील शेतकरी आजही जमीन एकर-गुंठ्यांत सांगतो. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. एका एकराचे ४० गुंठे होतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, तर एक गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. म्हणजेच एक गुंठा सुमारे १.०११७ आर भरतो. १०० आर मिळून एक हेक्टर होतो. एकर-गुंठ्यांचे आर करून देणारे फंक्शन मराठी शब्दांत पुढीलप्रमाणे मांडता येईल :

फंक्शन आर_करा (एकर, गुंठे) :
    एकूण_गुंठे = एकर × ४० + गुंठे
    परत द्या : एकूण_गुंठे × १.०११७

पहिल्या ओळीत फंक्शनचे नाव आहे आणि कंसात त्याला लागणाऱ्या दोन राशी आहेत. दुसऱ्या ओळीत सर्व क्षेत्राचे गुंठे केले आहेत. तिसऱ्या ओळीत त्यांचे आर करून उत्तर परत दिले आहे. पायथॉन या प्रचलित संगणकभाषेत ‘फंक्शन’ याऐवजी ‘डेफ’ आणि ‘परत द्या’ याऐवजी ‘रिटर्न’ असे ठरावीक इंग्रजी शब्द त्यांच्या मूळ लिपीत लिहावे लागतात. फंक्शनचे व राशींचे नाव मात्र तिच्या आजच्या आवृत्तीत देवनागरीतही देता येते.

एवढे लिहिल्याने कोणतेही गणित झालेले नसते, आणि नवशिक्याचा पहिला गोंधळ येथेच होतो. ग्रामसभेत विहिरीचा ठराव लिहिला म्हणजे विहीर खोदली गेली असे होत नाही. ठरावाचा अंमल वेगळा करावा लागतो. त्याचप्रमाणे फंक्शन लिहिणे ही व्याख्या होय. त्याचा वापर करण्यासाठी त्याला नावाने बोलवावे लागते. ‘आर_करा (२, २०)’ असे लिहिले की संगणक २ एकरांचे ८० गुंठे करतो, त्यांत २० मिळवितो आणि १०० गुंठ्यांचे १०१.१७ आर, म्हणजे १ हेक्टर १.१७ आर, हे उत्तर परत देतो. दुसऱ्या शेतकऱ्यासाठी ‘आर_करा (५, १०)’ असे लिहावयाचे. रीत पुन्हा लिहावी लागत नाही.

दुसरा गोंधळ ‘दाखविणे’ आणि ‘परत देणे’ यांत होतो. चावडीवर आकडा मोठ्याने वाचून दाखविला, तर तो ऐकणाऱ्यांना कळतो. पण पुढच्या टेबलावरील हिशेबात तो आपोआप उतरत नाही. तोच आकडा कागदावर लिहून पुढे दिला, तर त्यावर पुढचे काम करता येते. फंक्शनने उत्तर केवळ पडद्यावर दाखविले, तर ते माणसाला दिसते. ‘परत’ दिले, तर आज्ञावलीच्या पुढील भागाला ते वापरता येते.

तिसरी गोष्ट ‘एकूण_गुंठे’ या मधल्या नोंदीची. ही नोंद त्या फंक्शनच्या कामापुरती असते. काम संपले की ती पुसली जाते आणि बाहेरच्या हिशेबात मिसळत नाही. कच्च्या वहीतील आकडेमोड पक्क्या वहीत येऊ नये, अशातलीच ही व्यवस्था आहे.

राशीबरोबर एककही पाहावे

वरील फंक्शनमध्ये एकर आणि गुंठे या दोन राशी वेगवेगळ्या का घेतल्या, असा प्रश्न पडेल. बोलण्यात आणि कच्च्या टिपणात २ एकर २० गुंठे हे क्षेत्र ‘२.२०’ असे लिहिले जाऊ शकते. संगणक मात्र त्याचा अर्थ दोन पूर्णांक दोन दशांश एकर, म्हणजे ८८ गुंठे, असा करील. खरे क्षेत्र अडीच एकर, म्हणजे १०० गुंठे आहे. बारा गुंठ्यांची ही तूट संगणकाच्या बिघाडाने येत नाही. आत टाकलेल्या आकड्याचा अर्थ देणाऱ्याच्या मनात एक आणि आज्ञावलीत दुसरा असल्याने येते. राशी वेगळ्या ठेवल्या की ही वाट बंद होते.

अशी चूक मोठमोठ्या संस्थांकडूनही घडलेली आहे. अमेरिकेच्या नासा या संस्थेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचताच नष्ट झाले. जमिनीवरील एका आज्ञावलीने इंधनाच्या धक्क्याचे मूल्य ब्रिटिश एककात दिले होते, तर ते वापरणाऱ्या मार्गनिर्देशकांनी ते मेट्रिक एककात आहे असे धरले होते. दोन्हीकडील आकडेमोड आपापल्या जागी चालू होती; त्यांच्यामधील देवाणघेवाण चुकली होती. आत काय द्यावयाचे आणि कोणत्या एककात, बाहेर काय मिळेल आणि कोणत्या एककात, हे प्रत्येक फंक्शनच्या माथ्यावर स्पष्ट लिहिले पाहिजे, हा या अपघाताचा धडा आहे.

दुरुस्ती एकाच जागी

एकच रीत निरनिराळ्या दहा ठिकाणी पुन्हा पुन्हा लिहिली आणि पुढे नियम बदलला, तर दहाही ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. नऊ ठिकाणी दुरुस्ती झाली आणि एक राहिले, तर एका गावाला नवा नियम आणि दुसऱ्या गावाला जुना, असा अन्याय नकळत घडतो. फंक्शनमुळे रीत एकाच जागी राहते. तेथे दुरुस्ती केली की ती सर्वांना एकाच वेळी लागू होते.

या विचाराचा उगम संगणकाच्या आरंभकाळातच झाला. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात १९४९ मध्ये ‘एडसॅक’ हा संगणक कार्यान्वित झाला. तेथे मॉरिस विल्क्स आणि त्यांचे सहकारी यांना तीच ती आकडेमोड पुन्हा पुन्हा लिहावी लागत असल्याचे दिसून आले. त्यांनी अशा तयार उपआज्ञावलींचा संग्रह केला. छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर त्या जतन केल्या जात आणि ज्याला जी हवी ती तो आपल्या कामात जोडून घेई. उपआज्ञावलीकडे जाऊन काम आटोपल्यावर मूळ जागी परत येण्याची युक्ती डेव्हिड व्हीलर यांच्या नावाशी निगडित आहे. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी १९५१ मध्ये या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. आजची फंक्शने ही त्याच कल्पनेची पुढची वाढ होय.

मात्र या सोयीला दुसरी बाजूही आहे. रीत एकाच जागी असल्याने दुरुस्ती जशी सर्वत्र पोहोचते, तशी चूकही सर्वत्र पोहोचते. हाताने हिशेब करताना एका कारकुनाची चूक एका वहीपुरती राहते; फंक्शनमधील चूक ते वापरणाऱ्या प्रत्येक गावाच्या हिशेबात उतरते. म्हणून फंक्शन वापरात आणण्यापूर्वी, ज्यांचे उत्तर हाताने काढलेले आहे अशी काही उदाहरणे त्यात घालून ताळा पाहणे हा कामाचाच भाग मानला पाहिजे.

पैसेवारी आणि सीमेवरील गाव

एका फंक्शनचे उत्तर दुसऱ्या फंक्शनला देऊन मोठे काम कसे उभे राहते, हे पैसेवारीच्या उदाहरणाने समजेल. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा पिकाचा अंदाज आण्यांत सांगत आणि त्यास आणेवारी म्हणत. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणेपद्धती आली आणि पुढे पैसेवारी हा शब्द रूढ झाला. चालू हंगामातील उत्पादनाचे प्रमाण उत्पादनाशी असलेले नाते पैशांत सांगावयाचे, ही त्यामागील मूळ कल्पना. पैसेवारी ५० पैशांपेक्षा कमी आहे की नाही, या प्रश्नाकडे गावाचे लक्ष लागलेले असते. कारण टंचाईच्या सवलतींचा विचार या रेषेशी जोडलेला आहे. प्रत्यक्ष नियमांत पिकाखालील क्षेत्र इत्यादी अधिक तपशील असतात. येथे केवळ समजण्यापुरता साधा सांगाडा घेतला आहे :

फंक्शन हेक्टरी_उत्पादन (पहिला, दुसरा, तिसरा) :
    सरासरी = (पहिला + दुसरा + तिसरा) ÷ ३
    परत द्या : सरासरी × १००

फंक्शन पैसेवारी (चालू, प्रमाण) :
    परत द्या : चालू ÷ प्रमाण × १००

फंक्शन कमी_आहे_का (पैसे) :
    पैसे ५० पेक्षा कमी असल्यास परत द्या : होय
    नसल्यास परत द्या : नाही

समजा, एका गावात सोयाबीनच्या तीन शेतांत प्रत्येकी १० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे एक आर क्षेत्रावर कापणी केली. उत्पादन अनुक्रमे ८, ६ आणि ४ किलो भरले. सरासरी ६ किलो, म्हणून पहिले फंक्शन हेक्टरी ६०० किलो हे उत्तर देईल. प्रमाण उत्पादन १२०० किलो धरले, तर ‘पैसेवारी (६००, १२००)’ याचे उत्तर ५० येईल. घाईत राशींचा क्रम उलटा होऊन ‘पैसेवारी (१२००, ६००)’ असे लिहिले गेले, तर उत्तर २०० पैसे येईल आणि संगणक कोणतीही हरकत घेणार नाही. कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही आकडेच आहेत.

५० हे उत्तर तिसऱ्या फंक्शनला दिले, तर ते ‘नाही’ म्हणेल; कारण ५० हे ५० पेक्षा कमी नाही. त्याच ओळीत ‘५० किंवा त्याहून कमी’ असे लिहिले असते, तर उत्तर ‘होय’ आले असते. ‘किंवा’ या एका शब्दाने सीमेवरील गाव एका बाजूचे दुसऱ्या बाजूला जाते.

आता पहिल्या शेतातील उत्पादन ८ ऐवजी ७.९ किलो भरले असे धरू. सरासरी ५.९६७ किलो, हेक्टरी उत्पादन सुमारे ५९६.७ किलो आणि पैसेवारी ४९.७२ पैसे येते. आधी तुलना केली, तर ती ५० पेक्षा कमी आहे. आधी पूर्णांकात रूपांतर केले, तर ४९.७२ चे ५० होतात आणि गाव रेषेच्या वर जाते. दोन्ही रीतींत आकडेमोड बिनचूकच आहे. फरक पडतो तो कोणते फंक्शन आधी बोलावले यामुळे. असा क्रम आज्ञावली लिहिणाऱ्याने आपल्या सोयीने ठरवावयाचा नसतो. तो नियमात सांगितलेला असला पाहिजे आणि आज्ञावलीने तो तंतोतंत पाळला पाहिजे.

‘संगणकाने असे दाखविले’ हे उत्तर अपुरे का, ते यावरून ध्यानात येते. संगणक स्वतःहून काही ठरवीत नाही. कोणीतरी नियमाचे फंक्शन लिहिलेले असते आणि कोणीतरी त्यात आकडे भरलेले असतात. नियम कोणता, आकडे कोणी व कसे घेतले, ही जबाबदारी माणसाचीच राहते.

वर्गात संगणकाविना पाठ

फंक्शनचा पहिला पाठ देण्यासाठी शाळेत संगणक असलाच पाहिजे असे नाही. शिक्षकांनी तीन विद्यार्थ्यांना तीन बाकांवर बसवावे. पहिल्यासमोर ‘दुप्पट करा’, दुसऱ्यासमोर ‘पाच मिळवा’ आणि तिसऱ्यासमोर ‘वीसपेक्षा मोठी आहे का, सांगा’ अशी पाटी ठेवावी. इतरांनी चिठ्ठीवर संख्या लिहून पहिल्या बाकावर द्यावी. प्रत्येकाने आपल्या पाटीप्रमाणेच कृती करावी आणि उत्तर नव्या चिठ्ठीवर लिहून पुढे द्यावे. सहा ही संख्या दिली, तर तिचे बारा, बाराचे सतरा आणि शेवटी ‘नाही’ असे उत्तर येईल. पहिल्या दोन बाकांची अदलाबदल केली, तर सहाचे अकरा, अकराचे बावीस आणि शेवटी ‘होय’ येईल. फंक्शनच्या क्रमाचे महत्त्व मुलांना यातून आपोआप उमगते.

चिठ्ठी पुढे न देता उत्तर नुसते मोठ्याने सांगावयाचे, असा बदल करून पाहिला, तर पुढचा बाक अडून बसतो. ‘दाखविणे’ आणि ‘परत देणे’ यांतील भेद यावरून स्पष्ट होईल. चिठ्ठीवर संख्येऐवजी ‘आंबा’ असा शब्द लिहून दिला, तर पहिला विद्यार्थी थांबेल आणि फंक्शनला कोणत्या जातीची राशी चालते याची चर्चा सुरू होईल. यानंतर विद्यार्थ्यांनी आपल्या घरच्या एखाद्या कृतीचे नाव, तिला लागणाऱ्या राशी, कृतीच्या पायऱ्या आणि मिळणारे फल असे चार स्तंभ लिहावेत. हेच त्यांचे पहिले आज्ञावली-लेखन होय.

विचारावयाचे पाच प्रश्न

पंचायत सदस्याने किंवा अधिकाऱ्याने आज्ञावली स्वतः लिहावी अशी अपेक्षा नाही. परंतु गावाच्या करापासून पिकाच्या अंदाजापर्यंत कोणताही आकडा संगणकातून आला, तर पाच प्रश्न विचारण्याचा त्याला अधिकार आहे आणि ते विचारणे त्याचे कर्तव्यही आहे. आत कोणत्या राशी दिल्या? त्या कोणत्या एककात होत्या? आतील रीत कोणत्या नियमाप्रमाणे लिहिली आहे? सीमेवरच्या आकड्याला ती काय उत्तर देते? हाताने काढलेल्या उत्तराशी तिचा ताळा कोणी घेतला आहे?

या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर संगणकाच्या आकड्याची छाननी वहीतील आकड्याइतकीच नीट करता येते. एकदा नीट लिहिलेली रीत शेकडो गावांना सारख्याच न्यायाने लागू व्हावी, हे फंक्शनचे खरे सामर्थ्य आहे. ते प्रत्यक्षात उतरावयाचे, तर रीत लिहिणाऱ्याबरोबरच ती वापरणारा आणि तिचे फल ज्याच्या वाट्याला येते तो नागरिक, या दोघांनाही ती वाचता व तपासता आली पाहिजे.